फोटोच्या मागे नाव लिहून ठेवा



पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की पाहिलेली असते. छपराच्या पत्र्याला खिळ्याचे भोक असले की दुपारी जमिनीवर उजेडाचा कवडसा पडतो. भोक वेडेवाकडे असले तरी उंचावरून पडणारा कवडसा मात्र गोल असतो. असे का व्हावे? कारण तो कवडसा भोकाचा नसून सूर्याचा असतो. ती सूर्याची प्रतिमाच आहे. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या दिवशी हाच कवडसा कोरीसारखा दिसतो. ग्रहणाला भिऊन कोपऱ्यात बसण्यापेक्षा मुलांना तो कवडसा दाखवावा. एक पैसा न खर्चता विज्ञानाचा धडा होतो.

आता याच्या पुढची पायरी. भर दुपारी खोलीची दारे-खिडक्या बंद करा. रस्त्याकडच्या दाराला वाटाण्याएवढे भोक मोकळे ठेवा आणि समोर पांढरी चादर धरा. थोडा वेळ डोळे अंधाराला सरावले की चादरीवर रस्ता दिसू लागतो. माणसे, सायकली, रिक्षा, झाड, सगळे खाली डोके वर पाय! कॅमेरा म्हणजे मुळात एवढेच. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच 'खोली' असा आहे. अंधारी खोली आणि तिला एक भोक. भोकात भिंग बसवले की चित्र उजळ नि रेखीव होते. चादरीच्या जागी उजेडाने बदलणारे रसायन ठेवले की चित्र कायमचे उमटते.

मला जुन्या भिंगांचा आणि जुन्या रीतींनी फोटो करण्याचा नाद आहे. धंदा म्हणून नव्हे. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, घरच्यांची बोलणी खात केलेला हा खटाटोप आहे. "हातात मोबाईल असताना हे कशाला?" असे मला अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर या लेखात देतो. पण लेखाचे खरे काम पुढे आहे, आणि ते तुमच्या घरातल्या भिंतीवरच्या फोटोशी निगडित आहे.

जुन्या भिंगाची करामत

फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ साली. फ्रान्समध्ये दागेर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवले. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी कागदावर निगेटिव्ह तयार केली. अडचण एकच होती. त्या वेळची भिंगे इतका थोडा उजेड आत घेत की फोटोसाठी कित्येक मिनिटे स्तब्ध बसावे लागे. माणसाचा फोटो काढणे म्हणजे त्याला शिक्षाच!

ही अडचण व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी १८४० साली सोडवली. त्यांनी आधी कागदावर आकडेमोड केली आणि त्या हिशेबाप्रमाणे भिंग घडवून घेतले. या आकडेमोडीसाठी त्यांच्या मदतीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले, हिशेबात तरबेज असलेले सैनिक दिले होते. तोफेचा मारा मोजणाऱ्या हातांनी माणसाचा चेहरा टिपणारे भिंग घडवले, ही गोष्ट मला फार आवडते. या भिंगाने उजेड कितीतरी पट जास्त आत घेतला आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. फॉइग्टलेंडर या कंपनीने ही पितळी भिंगे बनवून जगभर विकली.

पेट्झवालच्या भिंगाचा एक दोष होता. मधला भाग लख्ख दिसे, पण कडेची झाडे-पाने भोवऱ्यासारखी गरगरलेली दिसत. आज त्याच दोषासाठी हौशी लोक ही जुनी भिंगे शोधतात. चेहरा मधोमध स्पष्ट आणि आजूबाजूचे सारे विरघळलेले, असे चित्र नव्या निर्दोष भिंगातून सहजी येत नाही.

पितळी पेट्झवाल आपल्या खिशाला परवडणारा नाही. पण जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, एखाद्याच्या माळ्यावर अ‍ॅग्फा क्लिक-३ अजून सापडतो. हा कॅमेरा आपल्याकडे घरोघरी होता. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. लग्न, बारसे, सहल, बुद्धजयंतीची मिरवणूक, सगळे त्या बारा फोटोंत बसवावे लागे. त्याचे साधे भिंग काढून काळ्या पुठ्ठ्याच्या नळीत बसवले आणि नळी भिंग बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या तोंडावर घट्ट धरली की झाले जुने भिंग तयार. नळी पुढे-मागे करून चित्र स्पष्ट करायचे. मधला भाग ठीक येतो, कडा मऊ होतात, ऊन थोडे पसरते. घरच्या जुन्या अल्बममधले फोटो तसे मऊ का दिसतात, याचा उलगडा तिथे होतो. ज्याने फोटो काढला त्याचा हात हलला म्हणून नव्हे, तर भिंगाचा स्वभावच तसा होता म्हणून!

घरात एखादे जुने भिंग असेल तर त्याला पावसाळ्यात बुरशी धरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ते कातड्याच्या बंद पेटीत ठेवू नये, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावे. आणि मुलांना बजावून ठेवा की कोणत्याही भिंगातून सूर्याकडे पाहायचे नाही. डोळे कायमचे जातात.

अजिंठ्याचा मेजर

जुन्या रीती समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायला नको. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनहून सिल्लोडमार्गे गेले की अजिंठा लागतो. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होण्यापूर्वी जालना, भोकरदन आणि अजिंठा एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होते.

मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगवण्याच्या कामावर नेमणूक झाली. तो आला आणि उरलेले आयुष्य त्याने या भागातच काढले. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याने वर्षानुवर्षे खपून कापडावर मोठमोठी चित्रे रंगवली आणि ती लंडनला पाठवली. ती सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनाला लावली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि जवळजवळ सगळी चित्रे जळून गेली. प्रदर्शनात नव्हती तेवढी चार-पाच वाचली.

पण गिल नुसता चित्रकार नव्हता. मधल्या काळात त्याला कॅमेऱ्याचा नाद लागला होता. त्याचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. माणसाच्या दोन डोळ्यांत असते साधारण तेवढ्याच अंतरावर दोन भिंगे बसवलेली असत, आणि एकाच दृश्याचे दोन फोटो निघत. ते एका खास चष्म्यातून पाहिले की लेण्याचे खांब, स्तूप, मूर्ती खोलीसह समोर उभ्या राहतात. त्याच्या फोटोंची पुस्तके जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली लंडनला निघाली. चित्रे जळाली तरी फोटो अनेक ठिकाणी पोचले होते, म्हणून ते राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय मेहनत होती ते पाहा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची रीत काढली होती. काच स्वच्छ घासायची. तिच्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा. हा द्रव ईथर आणि अल्कोहोलमध्ये एक प्रकारचा रासायनिक कापूस विरघळवून करत. काच चारी कोपऱ्यांकडे झुकवून थर सारखा करायचा. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. काढल्यावर ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. थर वाळला की काच वाया! म्हणजे फोटोग्राफरला अंधाराचा तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी हे सगळे बरोबर न्यावे लागे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ईथर झरझर उडून जातो, हे वेगळे सांगायला नको. आणि ते तंबू, पाण्याच्या घागरी, काचांच्या पेट्या उचलायला माणसे लागत. त्यांची नावे पुस्तकांच्या मुखपृष्ठावर आली नाहीत.

एवढे करून गिलला भित्तिचित्रांचे चांगले फोटो घेता आले नसते. एक तर लेण्यात अंधार. दुसरे असे की ओल्या काचेला निळा उजेड चटकन कळे, पण लाल-पिवळा जवळजवळ कळतच नसे. अजिंठ्याचे रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, काव. ते काचेवर काळेच उमटणार. म्हणून चित्रांसाठी ब्रश आणि दगडासाठी कॅमेरा अशी विभागणी झाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनच्या आगीत गेल्या. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम यजदानी यांनी छायाचित्रांवर आधारलेले अजिंठ्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. आणि १९९१ साली बिनॉय बहल यांनी चित्रांना इजा होऊ नये म्हणून झगझगीत दिवे न लावता, मंद उजेडात कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून तीच चित्रे रंगांत टिपली. दीडशे वर्षांत साधने बदलली, पण धीर धरण्याला पर्याय सापडला नाही.

काळे चेहरे, गंभीर चेहरे

ओल्या काचेला लाल-पिवळे कळत नसे, हा वरचा मुद्दा पुन्हा एकदा वाचा. माणसाच्या त्वचेत तेच रंग असतात. म्हणून त्या रीतीने काढलेल्या फोटोत गव्हाळ माणूस काळा दिसतो आणि सावळा माणूस कोळशासारखा दिसतो. निळे आकाश पांढरे फटक पडते. शिवाय काही सेकंद न हलता बसायचे म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. हसू इतका वेळ टिकत नाही, म्हणून चेहरे ताठ नि गंभीर. आता असे फोटो हातात घेऊन कोणी म्हणाला की हे लोक रासवट होते, उग्र होते, तर त्याला काय म्हणावे? दोष माणसांचा नव्हता. काचेचा आणि लोखंडी आधाराचा होता.

आणि असे म्हणणारे होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत होते. एल्फिन्स्टनमध्ये १८५५ च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ काढला. याच सोसायटीतला विल्यम जॉन्सन नावाचा हौशी फोटोग्राफर. त्याने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंची दोन पुस्तके काढली. त्यात एक गंमत आहे. माणसे एका ठिकाणी उभी करून काढलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतला. दोन्ही कापून जोडलेले! म्हणजे फोटोत फेरफार करणे ही संगणकाची देणगी नव्हे.

पुढे इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात छापले. त्यात साडेचारशेहून जास्त फोटो आहेत. बहुतेक फोटोंखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे आणि त्या जातीच्या स्वभावाबद्दल शेरे आहेत. राजेरजवाडे सोडले तर माणसाचे स्वतःचे नाव क्वचितच. ती बाई कोण, तिचे गाव कोणते, कडेवरचे मूल जगले का, काही कळत नाही. उरते ती फक्त जात. आपल्या पूर्वजांना कॅमेऱ्याच्या मागे उभे राहण्याची संधी त्या काळी नव्हती. पुढे उभे राहायचे तेही नाव पुसून.

हे वाचून राग येतो. यावा. पण त्याच वेळी आपल्या घरातला अल्बम उघडून पाहावा. मागे नावे आहेत का?

पिंपळपानाचा निळा फोटो

त्या प्रश्नाकडे वळण्याआधी मुलांसाठी एक प्रयोग सांगतो. हातांनी केल्याशिवाय फोटोची किंमत कळत नाही. १८४२ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने चांदी न वापरता लोखंडाच्या क्षारांनी फोटो करण्याची रीत काढली. तिला सायनोटाइप म्हणतात. लगेच दुसऱ्या वर्षी, १८४३ पासून, अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळांचे असे निळे फोटो काढून पुस्तक करायला घेतले. फोटोंनी सजलेले ते जगातले पहिले पुस्तक मानतात. इमारतीचे निळे नकाशे अनेक बांधकाम कामगारांनी साइटवर पाहिले असतील. 'ब्ल्यू प्रिंट' हा शब्द याच रीतीतून आला.

प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात दोन रसायने मिळतात. अमोनियम फेरिक सायट्रेट २५ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. दोन्ही वेगळ्या काळ्या बाटल्यांत ठेवा. लागेल तेव्हा दोन्ही सारखे घेऊन मिसळा आणि चित्रकलेच्या जाड कागदावर मऊ ब्रशने पातळ हात फिरवा. हे काम अंधुक पिवळ्या दिव्याखाली करावे. कागद अंधारात वाळवावा. वाळल्यावर तो पिवळसर हिरवा दिसतो.

आता त्यावर पिंपळाचे पान ठेवा. पाण्यात कुजवून जाळी उरलेले पान असेल तर फारच छान. वर स्वच्छ काच दाबून उन्हात ठेवा. आपल्याकडच्या उन्हात पाच ते पंधरा मिनिटे पुरतात. कागद करडा-तपकिरी झाला की सावलीत आणून साध्या पाण्यात पिवळेपण जाईपर्यंत धुवा. पान होते तिथे पांढरी शीर न् शीर उमटते आणि बाकीचा कागद निळा होतो. एक-दोन दिवसांत निळा रंग आणखी गडद होतो. कागद, ऊन आणि पाण्याचा अंदाज बसेपर्यंत चार-दोन कागद फिके निघतात. ते फेकू नयेत. वेळ लिहून जपावेत, म्हणजे पुढच्या वेळी हिशेब लागतो.

सावधगिरी मात्र हवी. मोठ्या माणसाने जवळ बसावे. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. हातमोजे घालावेत. फेरीसायनाइडमध्ये अ‍ॅसिड टाकू नये आणि ते तापवू नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. रसायने लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत.

या प्रयोगात मुलाला एक गोष्ट कळते. फोटो ही वस्तू आहे. कागद, पाणी, क्षार यांनी घडवलेली. आणि घडवलेली वस्तू नीट सांभाळली नाही तर बिघडते.

आपल्या घरातले फोटो

आता मूळ मुद्दा. आपल्या वस्तीत घराघरांत जुने फोटो आहेत. आजोबांचा पगडीतला फोटो. १९५६ साली नागपूरला जाऊन आलेल्यांचा घोळका. गिरणीतल्या, रेल्वेतल्या कामगारांचे ग्रुप फोटो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका. नामांतराच्या लढ्यातले मोर्चे. बाहेरच्या इतिहासकाराकडे ते नाहीत. ते तुमच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली दडलेले आहेत. १९७८ साली मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या तेव्हा भांडीकुंडी, धान्य यांच्याबरोबर भिंतीवरचे फोटोही जळाले. भांडी परत घेता आली. ते फोटो परत आले नाहीत. म्हणून जे उरले त्याची किंमत मोठी आहे.

स्टुडिओकडे निगेटिव्ह असतील या भरवशावर राहू नका. डिजिटल आल्यावर कित्येक जुने स्टुडिओ बंद झाले. निगेटिव्ह चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या. काचेच्या निगेटिव्ह तर खरवडून ती काच फ्रेमला वापरली गेली. कोणाच्या तरी आजीचा चेहरा खरवडून त्या जागी कॅलेंडरचे चित्र बसले असेल! फिल्मचेही तेच. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात 'इंदू' नावाची फिल्म निघे. तो कारखानाही बंद पडला.

तेव्हा घरच्या घरी एवढे करा.

भिंतीवरचा फोटो ओल येणाऱ्या भिंतीवरून आणि चुलीच्या धुरापासून हलवा. फ्रेमच्या पाठीला आणि भिंतीला थोडी फट ठेवा. ऊन थेट पडत असेल तर जागा बदला.

जुना फोटो लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिक एकदा चिकटले की ते परत काढता येत नाही. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन आत मुरतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सुटत असतील तर सोडवून साध्या कागदी पाकिटात ठेवा. ओढून काढू नका.

फोटो काचेला चिकटला असेल तर अजिबात सोलू नका. काचेवरूनच त्याचा फोटो काढून घ्या. पुरात किंवा गळतीत फोटो भिजून एकमेकांना चिकटले तर तसेच वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूच वेगळे करा आणि चेहरा वर करून सावलीत वाळवा. हे काम एक-दोन दिवसांत व्हायला हवे.

काळे-पांढरे फोटो नीट धुतलेले असतील तर शंभर वर्षेही राहतात. जे पिवळे-तपकिरी पडले त्यांत बहुधा धुताना रसायन मागे राहिलेले असते. पण १९८० आणि १९९० च्या दशकातले रंगीत फोटो पेटीत ठेवले तरी फिके पडत जातात. म्हणून नक्कल करायची तर आधी रंगीत फोटोंची करा. हा उलटा वाटणारा क्रम ध्यानात ठेवा.

नक्कल करायला महागडे यंत्र लागत नाही. दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी फोटो सपाट ठेवा. मोबाईल वरून अगदी समांतर धरा. फ्लॅश बंद. मागची बाजूही टिपा. मग ती नक्कल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो आक्रसतो, म्हणून मूळ फाइल द्या. गिलची चित्रे एकाच इमारतीत होती, ती गेली. फोटोंच्या प्रती विखुरल्या होत्या, त्या राहिल्या.

नाव लिहिण्याचे काम

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. फोटोच्या मागे नावे लिहा. शाईच्या पेनने नको, ती पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, न दाबता, कडेला लिहा. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पाठीवर पेन्सिल चालत नसेल तर पाकिटावर लिहा. डावीकडून कोण कोण, गाव कोणते, साल कोणते, प्रसंग काय, फोटो कोणी काढला. बायकांची नावे लिहिताना 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असे लिहून थांबू नका. त्यांचे स्वतःचे नाव लिहा. माहेरचे गावही लिहा.

हे काम घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसून करायचे आहे, आणि तेही लवकर. मी वस्तीत अनेकांचे अल्बम पाहतो. ऐंशी वर्षांची आजी चष्मा पुसून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवते आणि सांगत जाते. हा गंगापूरचा, हा पुढे रेल्वेत लागला, ही माझी थोरली जाऊ, हिने मला अक्षर शिकवले. तीस चेहऱ्यांच्या फोटोत तिला सव्वीस नावे आठवतात. तिच्या मुलाला सात. नातवाला दोन. तिच्यामागे तो फोटो नुसत्या तीस अनोळखी माणसांचा होणार. सरकारी खंडातल्या फोटोसारखाच, फरक इतकाच की यावेळी नाव पुसणारे आपणच असू.

आपल्या माणसांनी याआधी हे ओळखले होते. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी स्वतःच्या खर्चाने ती फिल्मवर टिपून ठेवली. पदरमोड करून त्यांनी ते केले म्हणून त्या दिवसाचा जनसागर आज आपल्या मुलांना दिसतो. सर्वांना तेवढे मोठे काम करता येणार नाही. पेन्सिल मात्र प्रत्येकाच्या घरी आहे.

आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. १९७३ साली तिथे उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांपूर्वीची भरभराटीची वस्ती उजेडात आली. पण भोगवर्धनचे नाव त्याआधीच विद्वानांना ठाऊक होते. कसे? मध्य प्रदेशातल्या सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख आहे. ते राजे नव्हते. दानाबरोबर त्यांनी आपले गाव दगडावर लिहवून घेतले. त्यांचे चेहरे आपल्याला माहीत नाहीत, कारण तेव्हा फोटो नव्हता. पण आपल्या भोकरदनची माणसे इतक्या दूर जाऊन आली होती, हे दोन हजार वर्षांनीही कळते.

त्यांच्याजवळ नाव होते, चेहरा नव्हता. आपल्याजवळ चेहरा आहे. त्याला नाव देणे एवढेच आपल्याकडे बाकी आहे. येत्या रविवारी जेवणे आटोपली की पेटी उघडा, आजीला मधोमध बसवा, मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि एका फोटोपासून सुरुवात करा.